वार्तापत्राचा वर्ग कोणता? : मराठी नियतकालिकांच्या वर्गीकरणाचा इतिहास आणि बीड जिल्हा

प्रस्तावना :

वार्तापत्र, वृत्तपत्र, पत्रिका, नियतकालिक आणि संशोधनपत्रिका हे शब्द महाविद्यालयीन व्यवहारात पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. छापील अंक निघत होता तोवर या गोंधळाने फारसे नुकसान होत नव्हते. कारण अंकाचा आकार, कागद, पृष्ठसंख्या आणि किंमत यांवरूनच वाचकाला त्याची जात कळत असे. महाविद्यालयाचे वार्तापत्र संकेतस्थळावरून प्रसिद्ध होऊ लागल्यावर ही बाह्य चिन्हे नाहीशी झाली. पडद्यावर दैनिक, मासिक आणि संशोधनपत्रिका सारखीच दिसते. त्यामुळे आपल्या प्रकाशनाचा वर्ग कोणता, हे आता प्रकाशकाला स्वतः ठरवून शब्दांत सांगावे लागते. हा प्रश्न नवा वाटला तरी मराठी प्रकाशनव्यवहारात तो जुनाच आहे. तो वेगवेगळ्या काळात कोणी व कोणत्या कसोटीवर सोडविला, याचा विचार प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्याच्या विशेष संदर्भात केला आहे.

छपाईपूर्व काळातील वर्गीकरण :

महाराष्ट्रात छापखाना येण्यापूर्वी बातमी हस्तलिखित पत्रांतून फिरत असे. मराठ्यांचे वकील निरनिराळ्या दरबारांत राहून तेथील घडामोडी पुण्यास कळवीत. हैदराबादच्या निजामाकडे पेशव्यांचे वकील असलेले गोविंदराव काळे यांचा पत्रव्यवहार या दृष्टीने प्रसिद्ध आहे. आजच्या बीड जिल्ह्याचा प्रदेश मराठे आणि निजाम यांच्या सत्तास्पर्धेच्या ऐन सीमेवर होता. १० ऑगस्ट १७६३ रोजी झालेल्या लढाईचे ठिकाण राक्षसभुवन हे गेवराई तालुक्यात आहे, तर मार्च १७९५ मधील लढाईचे खर्डा हे गाव बीडला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात आहे. अशा प्रदेशात बातमीचे महत्त्व किती असेल, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

या काळातील दफ्तरांत खलिता, सनद, महजर, तहनामा, यादी, अखबार असे कागदांचे स्पष्ट प्रकार आढळतात. त्यांतील ‘अखबार’ म्हणजे दरबारातील घडामोडींची नोंद देणारे बातमीपत्र होय. आजच्या वार्तापत्राचा हा पूर्वज मानावयास हरकत नाही. कागदाचा प्रकार त्याच्या आकारावरून नव्हे, तर त्याच्या कार्यावरून ठरत असे. सनदेने हक्क मिळे, महजराने निवाडा नोंदविला जाई आणि अखबाराने केवळ माहिती कळे. अखबारातील मजकुरावर कोणी वतनाचा हक्क सांगू शकत नव्हता. पुढे वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेली साधने आणि गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतर संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड यांमुळे हे कागद अभ्यासकांपर्यंत पोहोचले. कागद कोणत्या प्रकारचा आहे हे ठरविल्यावाचून त्याचे पुराव्याचे मोल ठरत नाही, ही इतिहास संशोधनाची पहिली शिस्त आहे.

बाह्य रूपावरून वर्ग ठरविणे किती फसवे असते, याचे उत्तम उदाहरण बीड जिल्ह्यातच आहे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हा ग्रंथ कागदावर न लिहिता कापडाच्या पासोडीवर लिहिला. साधन पाहिले तर ते वस्त्र आहे, आशय पाहिला तर तो तत्त्वज्ञानाचा ग्रंथ आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी त्याची गणना ग्रंथांतच केली. साधन बदलले तरी वर्ग बदलत नाही, हे तत्त्व ऑनलाइन प्रकाशनालाही लागू पडते.

मुद्रणयुगातील दोन कसोट्या : कालावधी आणि आशय

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. ते आरंभी पाक्षिक होते आणि त्याच वर्षी साप्ताहिक झाले. मजकूर इंग्रजी व मराठी अशा दोन स्तंभांत असे. जांभेकरांनीच १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले. एकाच संपादकाने चालू घडामोडींसाठी एक आणि शास्त्रीय ज्ञानासाठी दुसरे, अशी दोन स्वतंत्र प्रकाशने योजिली, ही बाब लक्षणीय आहे. भाऊ महाजन यांनीही हाच मार्ग पत्करला. १८४१ मध्ये त्यांनी ‘प्रभाकर’ हे साप्ताहिक काढले आणि पुढे ‘ज्ञानदर्शन’ हे त्रैमासिक चालविले. बातमी शिळी होते म्हणून तिला आठवड्याचा कालावधी हवा. ज्ञान सावकाश पचते म्हणून त्याला महिन्याचा किंवा तिमाहीचा कालावधी चालतो, असा विवेक या योजनेत दिसतो. कालावधी हा केवळ सोयीचा भाग नसून तो आशयातून निघतो, हे मराठी पत्रसृष्टीच्या पहिल्या दोन दशकांतच स्पष्ट झाले होते.

मात्र सर्व प्रकाशने या चौकटीत बसत नव्हती. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची १८७४ मध्ये सुरू झालेली ‘निबंधमाला’ मासिक स्वरूपात निघाली. तिचे ८४ अंक प्रसिद्ध झाले आणि पुढे ती ग्रंथरूपाने वाचली गेली. कालावधीच्या कसोटीवर ती नियतकालिक ठरते, तर एकहाती लेखन आणि आशयाची सलगता या कसोटीवर ती ग्रंथ ठरते. याउलट १८६७ मध्ये सुरू झालेले ‘विविधज्ञानविस्तार’ अनेक लेखकांच्या सहभागावर उभे होते. म्हणजेच कालावधी आणि आशय यांच्या जोडीला लेखन एकाचे की अनेकांचे, ही तिसरी कसोटीही विचारात घ्यावी लागते.

चौथी कसोटी वाचकवर्गाची होय. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकर यांनी सुरू केलेले ‘दीनबंधु’, तसेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेले ‘मूकनायक’ आणि १९२७ मधील ‘बहिष्कृत भारत’ ही पत्रे आपण कोणासाठी व कोणाच्या वतीने बोलत आहोत, हे नावातूनच सांगत होती. त्यांचा वर्ग ‘पाक्षिक’ किंवा ‘साप्ताहिक’ एवढ्यावर पुरा होत नाही. वाचक कोण, हे ठरविल्यामुळेच त्यांची भाषा, विषय आणि भूमिका निश्चित झाली.

शासनाने केलेले वर्गीकरण :

१८६७ च्या मुद्रणालय व पुस्तक नोंदणी अधिनियमाने प्रकाशनांचे वर्गीकरण कायद्याच्या कक्षेत आणले. सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरील भाष्य असलेले मुद्रित नियतकालिक म्हणजे वृत्तपत्र, अशी व्याख्या या कायद्यात रूढ झाली. वृत्तपत्रासाठी दंडाधिकाऱ्यासमोर घोषणापत्र करणे आवश्यक ठरले आणि छापलेल्या पुस्तकांच्या नोंदींवरून तिमाही याद्या तयार होऊ लागल्या. आज एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथव्यवहाराचा अभ्यास करणाऱ्याला या याद्यांचा आधार घ्यावा लागतो. शासनाने देखरेखीसाठी केलेले वर्गीकरण पुढे इतिहासाचे साधन झाले.

१८७८ च्या देशी भाषा वृत्तपत्र कायद्याने भाषेलाच वर्गाचा आधार केले. देशी भाषेतील पत्रांवर बंधने आली, इंग्रजी पत्रे मोकळी राहिली. कलकत्त्याची ‘अमृत बझार पत्रिका’ पूर्णपणे इंग्रजीत निघू लागली आणि या कायद्याच्या कक्षेबाहेर पडली. आशय तोच, संपादक तेच. केवळ भाषा बदलताच कायद्याच्या दृष्टीने वर्ग बदलला. अन्याय्य वर्गीकरणातून सुटण्यासाठी वर्ग बदलण्याचे हे ठळक उदाहरण आहे.

१८९८ च्या भारतीय डाक अधिनियमाने वर्गाला आर्थिक अर्थ दिला. सवलतीच्या टपाल दरासाठी प्रकाशनाची ‘नोंदणीकृत वृत्तपत्र’ म्हणून नोंद लागे. त्यासाठी मजकुराचा मोठा भाग राजकीय अथवा इतर बातम्यांचा किंवा चालू विषयांवरील लेखांचा असावा, दोन अंकांमधील अंतर ३१ दिवसांपेक्षा अधिक नसावे आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी असावी, अशा अटी होत्या. परिणामी मासिकाला सवलत मिळू शके, त्रैमासिकाला मात्र मिळत नसे. ज्ञानप्रधान त्रैमासिकांचा टपालखर्च वाढण्यामागे हे एक कारण होते. हा अधिनियम २०२३ च्या डाकघर अधिनियमाने रद्द झाला असला तरी सव्वाशे वर्षे त्याने मराठी नियतकालिकांच्या कालावधीवर प्रभाव टाकला.

हैदराबाद संस्थान आणि बीड :

वर उल्लेखिलेले कायदे ब्रिटिश हिंदुस्थानचे होते. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जवळचे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि सोलापूर हे जिल्हे मुंबई इलाख्यात असल्यामुळे सीमेच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरी व्यवस्था होती. संस्थानात राजभाषा उर्दू होती आणि शासकीय आज्ञा ‘जरीदा’ या राजपत्रातून प्रसिद्ध होत. मराठी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेपर्यंत राज्यकारभाराची अधिकृत वार्ता तिच्या भाषेत पोहोचत नव्हती. या पोकळीत मराठी पत्रांचे मोल मोठे होते. १९२० मध्ये हैदराबादेत ‘निजामविजय’ हे मराठी साप्ताहिक सुरू झाले.

आ. कृ. वाघमारे यांनी १९३० च्या दशकात सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ या साप्ताहिकाचा इतिहास वर्गीकरणाच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली, तेव्हा ते निरनिराळ्या नावांनी प्रसिद्ध होत राहिले. बंदीचा हुकूम ठराविक नावाच्या पत्रावर असे. नाव बदलले की कायद्याच्या दृष्टीने ते नवे पत्र ठरे आणि त्याच्यासाठी नवा हुकूम काढावा लागे. वाचकाला मात्र ते आपलेच जुने पत्र आहे हे ठाऊक असे. शासनाच्या लेखी प्रकाशनाची ओळख नावात होती, वाचकाच्या लेखी ती भूमिकेत होती. या दोन ओळखींमधील अंतराचा उपयोग स्वातंत्र्यचळवळीने करून घेतला.

याच काळात अंबाजोगाई हे जिल्ह्यातील राष्ट्रीय शिक्षणाचे केंद्र होते. संस्थानी अमदानीत मोमिनाबाद म्हणून नोंदल्या जाणाऱ्या या गावी स्वामी रामानंद तीर्थ यांनी योगेश्वरी विद्यालयात अध्यापन केले आणि तेथून ते मुक्तिसंग्रामाच्या नेतृत्वाकडे वळले. वृत्तपत्र वाचणारा वर्ग शाळेतून तयार होतो. म्हणून शिक्षणसंस्था आणि नियतकालिक यांचा संबंध या जिल्ह्यात आरंभापासून निकटचा आहे.

स्वातंत्र्योत्तर काळ :

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. दरम्यान पहिल्या वृत्तपत्र आयोगाच्या शिफारशीनुसार १८६७ च्या अधिनियमात दुरुस्ती झाली आणि १ जुलै १९५६ पासून भारताच्या वृत्तपत्र निबंधकांचे कार्यालय सुरू झाले. घोषणापत्रात नाव, भाषा आणि कालावधी नमूद करणे आवश्यक झाले. या तिन्हींपैकी एक जरी बदलले तरी नवे घोषणापत्र करावे लागे. साप्ताहिकाचे दैनिक करावयाचे तर केवळ संपादकाची इच्छा पुरेशी नव्हती.

पुढील काळात बीड जिल्ह्यात स्थानिक दैनिकांची परंपरा रुजली. बीडमधून निघणारी ‘झुंजार नेता’ आणि ‘चंपावतीपत्र’ ही नावे जिल्ह्यातील वाचकांना परिचित आहेत. ‘चंपावती’ हे बीडचे जुने नाव पत्राच्या शीर्षकात टिकले आहे. अंबाजोगाईच्या ‘विवेकसिंधू’ या दैनिकाने तर मुकुंदराजांच्या ग्रंथाचे नाव धारण केले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला नाव पाहून वर्ग ठरविता येत नाही, याचा हा आणखी एक दाखला होय. एकाच नावाचा एक ग्रंथ आहे आणि एक दैनिक आहे.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाल्यानंतर जिल्ह्यात महाविद्यालये वाढली आणि त्यांच्याबरोबर महाविद्यालयीन वार्षिक अंक आला. विद्यार्थ्यांच्या कविता, प्राचार्यांचे मनोगत, क्रीडा व सांस्कृतिक विभागांचे अहवाल आणि प्राध्यापकांचे लेख असे त्याचे संमिश्र स्वरूप असे. त्याला बातमीचे, साहित्याचे आणि संशोधनाचे असे तिन्ही अंश होते. तरी त्याच्या वर्गाबद्दल कोणालाही शंका नव्हती, कारण त्यावर कोणताही लाभ अवलंबून नव्हता.

संशोधनपत्रिका आणि वर्गाचा लाभ :

ही स्थिती २०१० नंतर पालटली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या वर्षीच्या विनियमांनी प्राध्यापकांच्या निवड व पदोन्नतीसाठी प्रकाशनांना गुण दिले. या व्यवहारात ‘आयएसएसएन’ क्रमांकाला प्रतिष्ठा आली. वास्तविक हा आठ अंकी क्रमांक प्रकाशनाची ओळख पटविण्यासाठी असतो. चालू स्वरूपाच्या कोणत्याही प्रकाशनाला, मग ते वृत्तपत्र असो, वार्षिक अहवाल असो वा वार्तापत्र असो, तो लाभू शकतो. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळे क्रमांक मिळतात. त्यावरून मजकुराची गुणवत्ता सिद्ध होत नाही. परंतु ओळखीचे चिन्ह आणि गुणवत्तेचे प्रमाणपत्र यांतील भेद व्यवहारात पुसला गेला. शासकीय घोषणापत्रातील नाव आणि पत्राची भूमिका यांत निजामी काळात जे अंतर होते, तेच येथे वेगळ्या रूपाने दिसते. फरक इतकाच की, तेव्हा ते अंतर अन्यायाविरुद्ध वापरले गेले. आता ते गुणांसाठी वापरले जाण्याचा धोका निर्माण झाला.

आयोगाने २०१७ मध्ये मान्य पत्रिकांची यादी जाहीर केली आणि मे २०१८ मध्ये तिच्यातून ४,३०५ पत्रिका वगळल्या. त्यानंतर ‘केअर’ यादी आली. तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करण्यात आली. पत्रिकेची पारख करण्याची जबाबदारी आता पुन्हा उच्च शिक्षणसंस्थांकडे आणि प्राध्यापकांकडे आली आहे. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर काही वर्षे यादीतून मिळत होते, ते आता प्रत्येक महाविद्यालयाला स्वतः शोधावे लागणार आहे.

ऑनलाइन वार्तापत्राचा प्रश्न :

कायद्यानेही हा भेद अलीकडे अधिक स्पष्ट केला आहे. १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या वृत्तपत्र व नियतकालिक नोंदणी अधिनियम, २०२३ ने १८६७ च्या अधिनियमाची जागा घेतली. त्यातील ‘नियतकालिक’ या संज्ञेतून पुस्तक तसेच वैज्ञानिक, तांत्रिक व शैक्षणिक स्वरूपाची पत्रिका वगळली आहे. सार्वजनिक बातम्या व त्यांवरील भाष्य ही नोंदणीची कसोटी कायम राहिली आहे. ऑनलाइन बातम्यांसाठी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. त्यांत बातम्या व चालू घडामोडींचे ऑनलाइन प्रकाशक स्वतंत्र गणले आहेत. मात्र नियमित व्यवसाय, पेशा किंवा व्यापार म्हणून मजकूर प्रसृत न करणाऱ्या व्यक्तीला या व्याख्येतून वगळले आहे.

बीडमधील एखादे महाविद्यालय आपले ऑनलाइन वार्तापत्र सुरू करीत असेल, तर त्याच्यापुढे साधारणतः तीन पर्याय असतात. पहिला, संस्थेतील कार्यक्रम, निकाल आणि उपक्रम कळविणारे गृहपत्र. दुसरा, दुष्काळ, ऊसतोड कामगारांचे स्थलांतर, कापूस व सिंचन अशा जिल्ह्याच्या प्रश्नांवरील घडामोडी आणि भाष्य देणारे पत्र. तिसरा, तज्ज्ञांकडून तपासून घेतलेले संशोधन प्रसिद्ध करणारी पत्रिका. या तिघांचे वाचक वेगळे आहेत, संपादनाची रीत वेगळी आहे आणि उत्तरदायित्वही वेगळे आहे. पहिल्यात चूक झाली तर दुरुस्ती देऊन भागते. दुसऱ्यात ती सार्वजनिक जीवनावर परिणाम करते. तिसऱ्यात ती पुढील संशोधनाचा पाया बिघडविते.

ऊसतोड कामगारांच्या स्थलांतराविषयीचा एकच मजकूर या तिन्ही ठिकाणी येऊ शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी कामगारांच्या मुलांसाठी घेतलेल्या शिबिराचे वृत्त गृहपत्रात शोभते. हंगामाच्या तोंडावर मुलांच्या शिक्षणात पडणाऱ्या खंडावरील टिपण दुसऱ्या वर्गात येते. सर्वेक्षणाची पद्धत, नमुना आणि निष्कर्ष मांडणारा लेख मात्र तिसऱ्याच वर्गाचा आहे. शिबिराचे वृत्त ‘संशोधन’ या सदरात गेले, तर प्राध्यापकाच्या खात्यात एक नोंद वाढेल. परंतु पन्नास वर्षांनी या स्थलांतराचा इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती चुकीच्या वर्गातील साधन पडेल.

निष्कर्ष :

१. मराठी प्रकाशनव्यवहारात वर्ग ठरविण्याच्या चार प्रमुख कसोट्या दिसून येतात : कालावधी, आशय, लेखनाचे स्वरूप आणि वाचकवर्ग. साधन किंवा बाह्य रूप ही निर्णायक कसोटी नाही.

२. शासनाने नाव, भाषा आणि कालावधी यांवरून केलेले वर्गीकरण नियंत्रण, महसूल अथवा सवलत यांसाठी होते. ते उपयुक्त असले तरी प्रकाशनाच्या कार्याचे पूर्ण वर्णन करीत नाही.

३. बीड जिल्ह्याचा अनुभव दोन भिन्न राज्यव्यवस्थांचा आहे. ‘मराठवाडा’ साप्ताहिकाच्या नामांतरांनी नोंदलेली ओळख आणि खरी ओळख यांतील भेद स्पष्ट केला.

४. वर्गाला लाभ जोडला गेला की वर्ग कार्यावरून न निवडता लाभावरून निवडला जाऊ लागतो. टपाल सवलत आणि पदोन्नतीचे गुण ही याची दोन उदाहरणे होत.

५. ऑनलाइन वार्तापत्राचा वर्ग निवडताना ते कोणासाठी, किती अंतराने आणि कोणत्या तपासणीनंतर प्रसिद्ध होणार, हे पहिल्याच अंकात स्पष्टपणे नोंदविणे इष्ट ठरेल. तिन्ही हेतू असतील तर जांभेकरांप्रमाणे स्वतंत्र प्रकाशने काढणे, अथवा निदान सदरे काटेकोरपणे वेगळी ठेवणे उचित होय.

अखबाराला कोणी सनद समजत नव्हते, म्हणूनच दोघांचेही मोल टिकले. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी वार्तापत्राला वार्तापत्र म्हणण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. योग्य वर्गात ठेवलेले साधे वार्तापत्र उद्याच्या इतिहासकाराला अयोग्य वर्गातील संशोधनपत्रिकेपेक्षा अधिक उपयोगी पडेल.